दोन भाषांची शाळा : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

मराठी वाचकाला 'द्विभाषिक' हा शब्द नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६० या साडेतीन वर्षांत मराठी मुलुख द्विभाषिक मुंबई राज्यात होता, आणि त्या काळात या शब्दाला जी कटुता चिकटली ती पुढे बराच काळ गेली नाही. आता तोच शब्द शाळांच्या माहितीपत्रकांवर मानाने मिरवू लागला आहे. 'द्विभाषिक', 'इंटरनॅशनल', 'नर्सरी ते बारावी' ही विशेषणे एकत्र बाळगणाऱ्या खासगी शाळा एकेकाळी मुंबई-पुण्यातच आढळत. आज निदान 'इंटरनॅशनल' हे बिरुद तरी तालुक्याच्या गावातल्या फलकांवरही दिसते. धाराशिव, म्हणजे २०२३ पर्यंत अधिकृतपणे उस्मानाबाद असलेला जिल्हा, याला अपवाद नाही. पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या आणि गावाकडे भाचे-पुतणे असलेल्या अनेकांना 'मुलाला तिकडे घालू का?' असा प्रश्न फोनवरून विचारला जातो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी अशी शाळा म्हणजे नेमके काय, ती कोठून आली आणि तिच्यात मुलाच्या भाषेचे काय होते, हे पाहणे इष्ट ठरेल.

धाराशिव जिल्हा या चर्चेसाठी विशेष उपयुक्त आहे. घरची भाषा एक आणि शाळेची भाषा दुसरी, हा अनुभव या जिल्ह्याने इंग्रजी शाळांचे पेव फुटण्याच्या कितीतरी आधी घेतलेला आहे. घरच्या भाषेतली शाळा मिळावी म्हणून येथे लोकांनी स्वतःच्या पैशाने आणि सरकारचा रोष पत्करून शाळा काढल्या आहेत.

'आंतरराष्ट्रीय' म्हणजे काय?

पहिल्या महायुद्धानंतर जिनिव्हा येथे राष्ट्रसंघाचे आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे कार्यालय सुरू झाले. निरनिराळ्या देशांतून तेथे आलेल्या अधिकाऱ्यांच्या मुलांना शिकवायचे कोठे आणि कोणत्या भाषेत, हा प्रश्न उभा राहिला. त्यातून १९२४ साली 'इंटरनॅशनल स्कूल ऑफ जिनिव्हा' ही खासगी शाळा निघाली. फ्रेंच आणि इंग्रजी या दोन्ही भाषांना तेथे स्थान होते, मुले दिवसा शिकून घरी परतू शकत, आणि उद्देश अगदी व्यावहारिक होता : वडिलांची बदली झाली तरी मुलाचे शिक्षण तुटू नये. याच शाळेच्या परिसरातील प्रयत्नांतून पुढे १९६८ मध्ये 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट', म्हणजेच 'आयबी', ही परीक्षापद्धती आकाराला आली. केंब्रिजची 'आयजीसीएसई' परीक्षा त्यानंतरची, १९८८ ची.

भारतात आयबी प्रथम आणली ती कोडाईकनाल येथील जुन्या मिशनरी निवासी शाळेने, १९७६ साली. महाराष्ट्रातील आरंभीच्या अशा शाळांचे मूळही परदेशी कुटुंबांच्या गरजेत आहे. मुंबईत १९६१ साली जर्मन शाळा निघाली. पुण्यात १९९८ साली मोटार कंपनीच्या परदेशी अधिकाऱ्यांच्या मुलांची सोय म्हणून 'मर्सिडीज-बेंझ इंटरनॅशनल स्कूल' सुरू झाले. येथे 'आंतरराष्ट्रीय' या शब्दाला अर्थ होता. विद्यार्थी अनेक देशांचे, अभ्यासक्रम कोणत्याही एका देशाचा नाही, आणि प्रमाणपत्र अनेक देशांत चालणारे.

ज्या शाळेतील सर्व मुले एकाच तालुक्यातील आहेत, जेथे अभ्यासक्रम राज्य मंडळाचा किंवा सीबीएसईचा आहे, तेथे 'इंटरनॅशनल' हा केवळ नावाचा भाग असतो. त्यात बेकायदा असे काही नाही. आपल्याकडे 'जागतिक कीर्तीचे' रसवंतीगृहही असते. पण पालकांनी फलकावरील विशेषण आणि मंडळाची संलग्नता या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात ठेवले पाहिजे. आयबी किंवा केंब्रिजची मान्यता त्या त्या संस्था स्वतः देतात. ती आहे की नाही, हे त्यांच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत पाहता येते.

'द्विभाषिक' या शब्दाचाही असाच घोटाळा होतो. ज्या शाळेत इंग्रजी हा एक विषय आहे ती मराठी शाळा. ज्या शाळेत मराठी हा एक विषय आहे ती इंग्रजी शाळा. द्विभाषिक शाळा म्हणजे जेथे दोन्ही भाषा विषय शिकण्याची साधने म्हणून वापरल्या जातात. उदाहरणार्थ, इतिहास-भूगोल मराठीतून आणि गणित-विज्ञान इंग्रजीतून, किंवा एकच विषय दोन्ही भाषांतून. या व्याख्येने पाहिले तर महाराष्ट्रातील सर्वांत मोठा द्विभाषिक प्रयोग कोणत्याही महागड्या शाळेत नसून आपल्या 'सेमी-इंग्रजी' वर्गांत चाललेला आहे. त्याला कोणी आंतरराष्ट्रीय म्हणत नाही, एवढेच.

उर्दू शाळा, मराठी घर

धाराशिव हा हैदराबाद संस्थानाचा भाग होता. उस्मानाबाद हे नावच सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेले. संस्थानात तेलुगू, मराठी आणि कन्नड या बहुसंख्य प्रजेच्या भाषा. पण १८८४ च्या सुमारास फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली आणि क्रमाने शाळांतही वरच्या इयत्तांचे माध्यम बनली. खालच्या वर्गात मराठीला काही जागा असे. माध्यमिक शाळेत गेल्यावर गणित, इतिहास, भूगोल हे सारे उर्दूतून. धाराशिवच्या शेतकऱ्याच्या मुलाला शिकायचे तर प्रथम एक नवी लिपी आणि नवी भाषा आत्मसात करावी लागे, आणि मग विषयाला हात घालता येई.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने वैद्यक, विधी, विज्ञान हे उच्च शिक्षणाचे विषय एका भारतीय भाषेतून शिकवून दाखविले. त्यासाठी हैदराबादेत स्वतंत्र भाषांतर विभाग उभारला, शेकडो ग्रंथ उर्दूत आणले, परिभाषा घडविली. 'देशी भाषांत विज्ञान शिकविता येत नाही' असे म्हणणाऱ्यांना हे चोख उत्तर होते, आणि आजच्या मराठी विद्यापीठीय परिभाषेच्या अवस्थेकडे पाहता त्या उद्योगाचे महत्त्व अधिकच जाणवते. मात्र ज्या मुलाच्या घरी मराठी होती, त्याच्या दृष्टीने उर्दू काय किंवा इंग्रजी काय, दोन्ही परभाषाच. भाषा देशी असून भागत नाही, ती त्या मुलाची असावी लागते, हा धडा मराठवाड्याला तेव्हाच मिळाला.

त्या व्यवस्थेचे पडसाद अजून संपलेले नाहीत. २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, तेव्हा तहसील कार्यालयांतील निजामकालीन दप्तर उघडले गेले. कागद उर्दूत आणि मोडीत. ते वाचणारे जाणकार मुद्दाम शोधावे लागले. ज्यांच्या पूर्वजांच्या नोंदी त्या कागदांत होत्या, त्या घरांतील पदवीधर नातवंडांनाही त्यातले अक्षर लागत नव्हते. गिरदावर, पेशकार, खासरा हे शब्द मात्र मराठवाड्याच्या बोलीत मुक्कामाला राहिले आहेत.

हिप्परग्याची शाळा

या पार्श्वभूमीवर १९२१ साली हिप्परगा (रवा) येथे राष्ट्रीय शाळा सुरू झाली. हे गाव आज लोहारा तालुक्यात आहे. जिनिव्हाची शाळा निघण्याच्या तीन वर्षे आधीची ही घटना. दोन्ही शाळा खासगी, दोन्हींच्या मुळाशी भाषेचा प्रश्न. बाकी साम्य शोधण्यात अर्थ नाही. जिनिव्हाला राजमान्यता होती. हिप्परग्याला संस्थानी सरकारच्या संशयाखाली जगावे लागले. निजामी राज्यात खासगी शाळा काढण्यास सरकारची परवानगी लागे, आणि 'राष्ट्रीय' हा शब्दच अधिकाऱ्यांच्या भुवया उंचावण्यास पुरेसा होता.

ही एकटी शाळा नव्हती. हैदराबादचे विवेकवर्धिनी आणि गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय ही १९०७ ची. औरंगाबादची सरस्वती भुवन संस्था १९१५ ची. संस्थानातील मराठी समाजाने वर्गणी काढून, प्रसंगी वाड्यातल्या दोन खोल्यांत वर्ग भरवून या संस्था जगविल्या. बहुतेक मोठ्या गावांत होत्या. हिप्परगा मात्र खेडे होते, आणि म्हणूनच त्याची नोंद निराळी ठेवावी लागते.

१९२९ च्या सुमारास या शाळेत व्यंकटेश भगवानराव खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक आले. कामगार चळवळीत ना. म. जोशी यांच्यासोबत काम केलेले, उच्च शिक्षण घेतलेले. ते शाळेचे मुख्याध्यापक झाले. १४ जानेवारी १९३२ रोजी हिप्परग्यातच त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे बाबासाहेब परांजपे आदी सहकाऱ्यांसह त्यांनी अंबाजोगाईला शिक्षणकार्य नेले, आणि १९३८ च्या सत्याग्रहापासून हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात हिप्परग्याचा उल्लेख स्वामीजींमुळे हमखास येतो. पण शाळा म्हणून तिने काय साधले, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. परक्या माध्यमात शिकण्यावाचून गत्यंतर नाही असे सारा प्रांत मानून चालला असताना, मराठीतून उत्तम शिक्षण देता येते हे तिने एका खेड्यात दाखवून दिले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाल्यानंतर मराठवाड्यात मराठी माध्यमाच्या शाळा उभ्या करताना याच खासगी शाळांत घडलेले शिक्षक आणि कार्यकर्ते उपयोगी पडले.

लोहारा तालुक्यातच आणखी एका शैक्षणिक प्रयोगाचे गाव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने हराळी येथे काम सुरू केले आणि तेथे निवासी शाळा उभी राहिली. ती दिवसशाळा नसल्याने आपल्या विषयाच्या कडेला आहे, परंतु खासगी संस्थेने या भागात चांगली शाळा चालवावयाची तर शहरी झगमगाटाची गरज नाही, याचे ते हाताशी असलेले उदाहरण होय.

इंग्रजी पहिलीत आली

स्वातंत्र्योत्तर काळात मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून शिकविली जाई. २००० सालच्या जूनपासून राज्य सरकारने ती पहिलीपासून सुरू केली. तेव्हाचे शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या या निर्णयावर वृत्तपत्रांतून रकानेच्या रकाने लिहिले गेले. ग्रामीण आणि बहुजन समाजातील मुलांना इंग्रजीपासून वंचित ठेवू नये, हा समर्थकांचा मुद्दा वजनदार होता. कोवळ्या वयात दोन लिपींचे ओझे नको, हा विरोधकांचाही निराधार नव्हता. पुढील दोन दशकांत पालकांनी वादाचा निकाल आपल्या पायांनी लावला. मुले इंग्रजी माध्यमाकडे वळू लागली, आणि ती टिकविण्यासाठी मराठी शाळांनी सेमी-इंग्रजी वर्ग काढले. २०२० नंतर 'बालभारती'ने पहिलीपासून मराठीच्या जोडीने सोपे इंग्रजी शब्द देणारी एकात्मिक द्विभाषिक पुस्तकेही आणली.

दरम्यान एक प्रयोग झाला आणि मिटलाही. मराठी माध्यमातच आंतरराष्ट्रीय दर्जाचे शिक्षण द्यावे या हेतूने राज्याने महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापन केले. २०१८ मध्ये पहिल्या टप्प्यात जिल्हा परिषदेच्या व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या तेरा शाळा त्यास जोडण्यात आल्या. सरकार बदलले आणि २०२० मध्ये मंडळ गुंडाळण्याचा निर्णय झाला. मंडळाच्या कारभारावर आक्षेप होते, ते असू द्यावेत. तथापि 'आंतरराष्ट्रीय' आणि 'मराठी' हे दोन शब्द एका शाळेत नांदू शकतात, हे तपासून पाहण्याची संधी दोन वर्षांत संपली. पुरेसा काळ न देता शैक्षणिक प्रयोग बंद करण्याची आपल्याकडील सवय जुनी आहे.

गणिताचे उदाहरण घेतले की दोन भाषांची ओढाताण स्पष्ट होते. मराठीत आपण 'सत्तेचाळीस' म्हणतो, म्हणजे आधी सात आणि मग चाळीस. लिहिताना आधी चार लिहितो. इंग्रजीत बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच. २०१९ साली 'बालभारती'च्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' या पद्धतीचे संख्यावाचन आले तेव्हा विनोदाला ऊत आला. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी मुलांच्या अडचणीचा हा मुद्दा शांतपणे मांडला होता. तो ऐकून घेण्यापेक्षा टिंगल सोपी होती. इंग्रजी माध्यमातील मुलाला बाजारात 'एकोणसत्तर रुपये' म्हटल्यावर कळत नाही, ही तक्रार आता घरोघर ऐकू येते. चांगल्या द्विभाषिक शाळेत अशा ठिकाणी दोन्ही संख्यावाचने शेजारी-शेजारी मांडून मुलांना फरक दाखविला जातो. फरक कळला की मुले दोन्ही चटकन वापरतात.

अभ्यासक काय म्हणतात?

दोन भाषांनी मुलांची बुद्धी गोंधळते, असा समज विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्वत्र होता. १९६२ साली माँट्रियल येथील पील आणि लॅम्बर्ट या संशोधकांनी तो खोडून काढला. दोन्ही भाषा सारख्या येणारी मुले बुद्धिमापन चाचण्यांत एकभाषिक मुलांच्या पुढे आढळली. त्यानंतर १९६५ मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्ट येथे इंग्रजी घरांतील मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकविण्याचा प्रयोग झाला. तो यशस्वी ठरला आणि जगभर गाजला. इंग्रजी माध्यमाचे पुरस्कर्ते आजही त्याचा दाखला देतात.

दाखला देताना एक गोष्ट निसटते. त्या मुलांची घरची भाषा इंग्रजी होती. ती बाजारात, दूरदर्शनवर, ग्रंथालयात सर्वत्र प्रतिष्ठित होती आणि शाळेतही काही वर्षांनी शिकविली जाई. ती पुसली जाण्याचा धोका नव्हता. लॅम्बर्ट यांनीच पुढे भेद केला : एका भाषेत दुसरीची भर पडते ती बेरजेची द्विभाषिकता, आणि दुसरी येताना पहिली झिजत जाते ती वजाबाकीची. धाराशिवच्या मुलाला इंग्रजी शाळेत घालताना त्याच्या वाट्याला यांपैकी कोणती येणार, हा खरा प्रश्न आहे. शाळेत मराठी बोलल्यास दंड, घरी वाचायला मराठी पुस्तक नाही, आणि इंग्रजी ऐकू येते ते फक्त वर्गात. अशी स्थिती असेल तर हिशेब वजाबाकीचाच होतो.

कॅनडाचेच अभ्यासक जिम कमिन्स यांनी आणखी एक उपयुक्त फरक दाखविला. खेळताना, गप्पा मारताना लागणारी भाषा मूल दोनेक वर्षांत उचलते. विचार मांडण्यासाठी, गणितातले शाब्दिक उदाहरण उलगडण्यासाठी लागणारी भाषा पक्की व्हायला पाच ते सात वर्षे लागतात. म्हणून पाहुण्यांसमोर घडाघडा इंग्रजी कविता म्हणणारे पहिलीतले मूल चौथी-पाचवीत विज्ञानाच्या पुस्तकाशी अडते, तेव्हा पालकांना आश्चर्य वाटते. कमिन्स यांचे दुसरे म्हणणे असे की, पहिल्या भाषेत वाचनाची आणि विचार करण्याची जी क्षमता घडते ती दुसऱ्या भाषेत आपोआप उपयोगी पडते. मराठीत उतारा वाचून त्याचा आशय सांगू शकणारे मूल तीच युक्ती इंग्रजीत वापरते.

ग्रामीण भागातील इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत प्रत्यक्षात एक तिसरेच दृश्य असते. पुस्तक इंग्रजी, फळ्यावरील मजकूर इंग्रजी, शिक्षकांचे स्पष्टीकरण मराठीत, आणि परीक्षेत उत्तर पुन्हा इंग्रजीत, तेही पाठ केलेले. शिक्षक बहुधा स्वतः मराठी माध्यमात शिकलेले असतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वेल्समध्ये सेन विल्यम्स यांनी १९९४ साली अशा भाषाबदलाला शिस्त लावून अध्यापनपद्धतीचे रूप दिले. मुलांनी एका भाषेत वाचावे आणि त्यावर दुसऱ्या भाषेत बोलावे अथवा लिहावे, असे ते ठरवून करवीत. आपल्या वर्गांत हे चोरून होते. शाळेने ते मोकळेपणाने आणि नियोजनपूर्वक केले, तर त्याच शिक्षकांकडून पुष्कळ अधिक साधेल.

जिल्ह्याच्या काही भागांत प्रश्न दोन भाषांवर थांबत नाही. उमरग्याच्या बाजूला कर्नाटकाची सीमा आहे आणि तेथे घरी कन्नड बोलणारी कुटुंबे आहेत. नळदुर्ग-तुळजापूर परिसरातील तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. शहरांतून उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. तांड्यावरच्या मुलाला प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा असते. त्याच्यापुढे 'मराठी-इंग्रजी द्विभाषिक' शाळा म्हणजे दोन परभाषा एकदम. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या आई-वडिलांबरोबर जे मूल दिवाळीनंतर गाव सोडते, त्याला कोणतीही दिवसशाळा सलग मिळत नाही. गावातले हंगामी वसतिगृह चालले तरच त्याचे वर्ष वाचते.

कायद्याची बाजू

अशी शाळा नव्याने काढावयाची तर महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा (स्थापना व विनियमन) अधिनियम, २०१२ लागू होतो. या शाळांना शासनाचे अनुदान नसते, सर्व खर्च शुल्कातून भागवावा लागतो. शुल्कावर २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याचे बंधन असून, ते ठरविताना पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला स्थान आहे. तालुक्याच्या गावी हा संघ कागदावर असतो असा पालकांचा अनुभव असेल, तर संघाच्या सभेचे इतिवृत्त मागण्याचा मार्ग मोकळा आहे.

शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवावयाच्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना यातून वगळले होते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्द केला. हा कायदा ६ ते १४ या वयासाठी आहे. नर्सरी ते बारावी असा एकसंध प्रवास सांगणाऱ्या शाळेत आठवीनंतर सवलतीच्या जागेवरील मुलाचे शुल्क कोण भरणार, हे प्रवेशाच्या वेळीच विचारलेले बरे.

माध्यमाबाबत कायदा सौम्य आहे. शिक्षण शक्यतो मातृभाषेत असावे, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने मात्र मे २०१४ मध्ये कर्नाटकाच्या प्रकरणात निकाल दिला की, प्राथमिक शाळांवर मातृभाषेचे माध्यम राज्याला लादता येणार नाही, निवड पालकांची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत, आणि जमल्यास आठवीपर्यंत, घरच्या भाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला आणि गणित-विज्ञानासाठी द्विभाषिक पुस्तकांची शिफारस केली. जुलै २०२३ मध्ये सीबीएसईनेही आपल्या शाळांना भारतीय भाषा पर्यायी माध्यम म्हणून वापरण्यास मोकळीक दिली.

मराठी शिकविणे मात्र ऐच्छिक राहिलेले नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली, मग ती शाळा आयबीची असो वा केंब्रिजची. उल्लंघन करणाऱ्या शाळेस एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून आणण्याचा शासननिर्णय निघाला, त्यावर वादळ उठले आणि २९ जूनला तो व त्यानंतरचा सुधारित निर्णय, दोन्ही मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वादात राजकारणच अधिक झाले. सहा वर्षांचे मूल एका वेळी किती लिपी हाताळू शकते, या साध्या प्रश्नावर बोलणारे थोडे होते.

शाळा पाहावयास जाल तेव्हा

प्रवेशाच्या दिवसांत शाळा नटलेली असते, तेव्हा ती एखाद्या साध्या कामाच्या दिवशी पाहावी. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला अकरा अंकी 'यू-डायस' क्रमांक असतो. महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. तो क्रमांक आणि मंडळाचे संलग्नतापत्र मागावे. पहिल्या काही इयत्तांनाच परवानगी आहे आणि नववी-दहावीच्या वेळी मुलांना दुसऱ्या शाळेच्या नावावर परीक्षेला बसविले जाते, असे प्रकार ग्रामीण भागात घडतात. तेव्हा कोणत्या इयत्तेपर्यंतची मान्यता आहे, हे लेखी पाहावे.

भाषेविषयी विचारताना 'आमच्याकडे दोन्ही भाषा आहेत' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. कोणता विषय कोणत्या इयत्तेत कोणत्या भाषेतून, आठवड्यात मराठीचे तास किती, मराठी शिकविणारे शिक्षक तेवढ्याच पात्रतेचे आहेत काय, हे पाहावे. ग्रंथालयात मराठी पुस्तके कुलुपात आहेत की मुलांच्या हातात, हे दारातून दिसते. तिसरी-चौथीतल्या दोन-चार मुलांच्या वह्या चाळाव्यात. सर्वांची उत्तरे शब्दशः एकसारखी असतील तर ती फळ्यावरून उतरविलेली आहेत. एखाद्या मुलाला आताच झालेला विज्ञानाचा धडा मराठीत सांगावयास लावावा. त्याने तो सांगितला आणि मग दोन-तीन वाक्ये मोडक्या का होईना इंग्रजीत आपणहून जोडली, तर त्या वर्गात दोन्ही भाषा चालू आहेत असे समजण्यास हरकत नाही.

मधल्या इयत्तेत माध्यम बदलण्याचा विचार असेल, तर पाचवी ते आठवी हा टप्पा सर्वांत नाजूक. इंग्रजी माध्यमातून मराठीत परतणाऱ्या मुलाला जोडाक्षरे आणि संख्यावाचन अडते, मराठीतून इंग्रजीत जाणाऱ्याला विज्ञानाची परिभाषा. दोन्ही अडचणी एका उन्हाळ्यात बऱ्याच अंशी दूर होऊ शकतात, मात्र त्यासाठी नवीन शाळा जूनपूर्वी मुलासाठी वेळ देण्यास तयार आहे काय, हे मार्च-एप्रिलमध्येच ठरवून घ्यावे लागते. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत आता सेमी-इंग्रजीचे वर्ग आहेत, आणि तेथे ही चौकशी करण्यास शुल्क पडत नाही.